रुपये म्हणलं की नाय म्हणायचं

आमच्या घरमालक काकांनी उभ्या आयुष्यात देशाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. एका बाजूला मुंबई आणि दुसऱ्या बाजूला हैदराबाद, एवढ्यात त्यांचं जग संपायचं. पण गारखेड्यातल्या आमच्या कॉलनीत कुणी परदेशी निघालं, की त्यानं आधी काकांच्या पोर्चमध्ये येऊन बसायचं आणि मग बॅगा भरायला घ्यायच्या, असा रिवाज पडला होता. कुणाचा मुलगा ऑस्ट्रेलियाला शिकायला चाललेला असे, कुणी निवृत्त शिक्षकांच्या टूरबरोबर थायलंडला, तर कोपऱ्यावरचे फळवाले चाचा मक्केला उमऱ्यासाठी. काका कुणाला विन्मुख पाठवत नसत. त्यांचा विषय एकच. परदेशात कार्ड कसं वापरायचं आणि बँकेला हक्कापेक्षा जास्त रुपया कसा द्यायचा नाही. पाठीमागे लोक त्यांना मार्कअप काका म्हणत, तोंडावर नुसतं काका.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होते आणि चिकलठाण्याच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. माझ्या खोलीची गॅलरी नेमकी पोर्चवर यायची. त्यामुळे हा पाठ मी इतक्या वेळा ऐकला, की झोपेतही म्हणून दाखवला असता.

"हे बघा," काका खुर्ची पुढे ओढून सुरू करत, "तिकडं कार्ड लावलं की आपली बँक शंभरामागं साडेतीन रुपये वर लावती. त्याला म्हणायचं मार्कअप. मंग त्या साडेतीनवर सरकार जीएसटी लावतंय. म्हंजे दंडावर बी कर. हे झालं उघड. आता छुपं ऐका. दुकानातलं मशीन लई गोड बोलतंय. ते विचारतंय, तुमच्याच रुपयांत घेऊ का? आपल्याला वाटतं, वा, परमुलखात कुणीतरी आपली विचारपूस करायलंय. तिथंच दगा हाय. रुपयाचा भाव तो दुकानवाला ठरवणार, अन् वरून आपली बँक बी तिची फी काढणार. म्हणून मशीन रुपये म्हणलं की नाय म्हणायचं. डोळे झाकून नाय. त्यांच्या चलनात द्यायचं. म्हणा."

समोरच्याला म्हणावं लागे. एमबीबीएस झालेली मुलगी असो की बांधकाम खात्यातले निवृत्त इंजिनियर, सगळे पोर्चमध्ये बसून शाळेतल्यासारखे "नाय" म्हणत. चाचांसाठी काकांनी खास त्यांच्या बोलीत पाठ घेतला होता.

"चाचा, रियाल में देना. मशीन रुपये पूछा तो सीधा नक्को बोलना."

"काका, मैं तो नगद ले के जा रा," चाचा म्हणाले.

काकांनी डोळे मिटून घेतले. रोख चलन बदलून घेण्यात भावाचा केवढा मार बसतो, ते त्यांनी मग तासभर सांगितलं. चाचा जाताना त्यांच्यासाठी अर्धा डझन केळी ठेवून गेले. बहुतेक पुन्हा सुरू होऊ नये म्हणून.

हे ज्ञान त्यांना आलं कुठून, तर नोकरीतून नव्हे. ते कोषागारातून निवृत्त झालेले. कोषागारात सरकारी बिलं येतात आणि तिथला माणूस त्यात त्रुटी काढून ती परत पाठवतो. काकांनी हे काम अंबड, भोकरदन, वैजापूर असं फिरत फिरत इतकं मनापासून केलं, की निवृत्तीनंतर हात रिकामे झाले तरी नजर तशीच राहिली. लग्नपत्रिका आली, की शुभेच्छुकांच्या यादीत कुणाचं नाव दोनदा छापलंय ते आधी शोधत. माझ्या भाड्याच्या ऑनलाइन पावतीवर मी 'रेंट' लिहिलं, तर "कोणत्या महिन्याचं?" अशी हाक खालून आली होती. मुलीच्या आग्रहानं स्मार्टफोन घेतला, तेव्हा त्यांना बँकांचे नियम बारीक अक्षरात वाचायला मिळाले. इतक्या त्रुटी एका जागी त्यांनी सबंध नोकरीत पाहिल्या नव्हत्या. माणूस तिथेच रमला.

आणि वैताग याचा, की त्यांचं सगळं बरोबर असायचं. कंपनीनं मला एका मशीनच्या ट्रेनिंगसाठी जर्मनीला पाठवलं, तेव्हा मी त्यांचा पाठ हसत हसत ऐकला. तिथे पहिल्याच दुकानात मशीननं खरोखर रुपयांत आकडा दाखवला, आणि मोबाइलवर भाव काढून बघितला तर चक्क लूट होती. मी युरोचं बटण दाबलं. माझ्याबरोबरच्या सहकाऱ्यानं मात्र विमानतळावर अत्तर घेताना ऐटीत रुपये दाबले. मी परत आले, तर रिक्षातून बॅग उतरायच्या आधी काका गेटवर हजर. जर्मनी कशी आहे, थंडी होती का, जेवणाचं काय केलं, काही नाही.

"स्टेटमेंट आलं का?"

मी सहकाऱ्याची गोष्ट सांगितली.

"कुठल्या घरचं लेकरू हाय?" काकांनी हळहळून विचारलं. जणू पोरगं वाया गेलं होतं.

काकूंना या कशाचं काही वाटत नसे. लहानखुऱ्या, चटपटीत, कायम कशाच्या तरी तयारीत असलेल्या. पोर्चमध्ये पाठ सुरू झाला, की त्या चहा आणून ठेवत आणि "ह्यांचं आपलं काय तरी असतंय" म्हणून आत जात. काकांचं त्यांच्याशी बोलणंही त्रुटीपुरतं होतं. भाजीत मीठ बरोबर असलं, तर जेवण मुकाट्यानं होई. कमी पडलं, तर संवाद होई. काकूंनीच एकदा मला सांगितलं, की ह्यांची बदली बाहेरगावी असायची तेव्हा शेजारच्यांच्या फोनवर ह्यांचा फोन यायचा तो फक्त लाइट बिल भरायचं राहिलं म्हणून. "कशी हायस, असं काय विचारायची पद्धत नाय त्यांच्यात," त्या हसून म्हणाल्या. मला त्या हसण्याचा तेव्हा राग आला होता. एवढ्या वर्षांत काकूंनी निदान एकदा रागवायला तरी पाहिजे होतं, असं मला वाटलं.

त्यांची एकुलती लेक पिंकी नेदरलँड्सला नोकरी करते, जावईही तिथेच. लग्न झाल्यापासून ती दोघांना बोलवत होती. काकांकडे उत्तर तयार असे. लेकीच्या घरी राहिलो तरी माणसाचा हात कधीतरी खिशात जाणारच, आणि गेला की साडेतीन टक्के. पिंकी म्हणे, पप्पा, तुम्ही खर्चच करू नका. काका म्हणत, लेकीच्या पैशावर फिरू का आता. असं ते प्रकरण पुढे पुढे सरकत राहिलं आणि पिंकीला दिवस गेले.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पण तिची रजा, तिचा विमा, तिथले डॉक्टर, यातलं काहीच गारखेड्याला येण्यासारखं नव्हतं. काकूंनी यावर फार विचार केला नाही.

"लेक माहेरी येईना, तर माहेरानं तिकडं जायाचं," त्या म्हणाल्या आणि डिंक, हळीव, खारीक आणायला गुलमंडीवर गेल्या.

काकाही नाही म्हणाले नाहीत, हे सांगायला हवं. दोघांचे व्हिसा झाले. मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आले. फक्त काकांनी ठरवलं, की आता जायचंच आहे तर जी मार्कअप लावतच नाही अशा बँकेचं कार्ड घेऊन जायचं. आयुष्यभर ज्याची शिकवणी घेतली, त्याची परीक्षा द्यायची वेळ आली होती. ती त्यांना पैकीच्या पैकी मार्कांनी पास व्हायची होती. पेन्शनरला कार्ड देताना बँकेनं खळखळ केली, ठेव ठेवून घेतली, पण शेवटी अर्ज मोबाइलवर भरायला सांगितलं.

तो अर्ज त्यांनी पोर्चमध्ये बसून भरला. मी कामावर होते, नाहीतर पुढचं टळलं असतं. गावाच्या नावापाशी ते अडले. आधार कार्डावर नवं नाव, जुन्या पासबुकावर जुनं. फोनवर 'छत्रपती संभाजीनगर' टाइप केलं, तर चौकट मध्येच संपली आणि गाव अर्धंच राहिलं. अर्धवट पत्ता लिहिणं हे काकांच्या रक्तात नाही. मग खाली यादी होती, त्यातून निवडायला घेतलं. यादीत औरंगाबाद दोनदा. एकापुढे इंग्रजीत बी आर, दुसऱ्यापुढे एम एच. जगाच्या त्रुटी काढणाऱ्या माणसानं विचार केला, की बी आर म्हणजे ब्रँच. आपल्या गावात बँकेची ब्रँच आहे, म्हणजे हेच. पिन कोड अर्जानं आपोआप भरून घेतला, आणि काकांनी खाली 'मी सर्व माहिती तपासली आहे' यावर टिचकी मारली.

कार्ड बिहारला गेलं.

पहिले काही दिवस काकांना याचा पत्ताच नव्हता. ते मोबाइलवर कुरिअर कुठे आलं ते बघून आम्हाला सांगत. "दिल्लीहून निघालं." मग, "पाटण्याला पोचलं." मी विचारलं, "काका, दिल्लीहून इकडे यायला पाटणा कशाला?" ते म्हणाले, "विमानाचा मार्ग असंल." मग गया आलं. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा शंका दिसली. त्यांनी बँकेच्या कॉल सेंटरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. अर्धी कॉलनी ऐकत होती.

"सर, आपका शहर औरंगाबाद है ना?"

"हां. म्हंजे नाही. छत्रपती संभाजीनगर."

"सर, सिस्टम में औरंगाबाद दिखा रहा है."

"वो हमारा नाही. हमारा दुसरा है."

"तो सर, आपका कौन सा है?"

या प्रश्नाला सरळ उत्तर देणं आमच्या गावात कुणालाच सोपं नाही. "महाराष्ट्र का," ते शेवटी म्हणाले. पलीकडच्या मुलीनं सांगितलं, की ते कार्ड परत मुख्य कचेरीत जाईल, पत्ता दुरुस्तीचा नवा अर्ज होईल, तो मंजूर झाला की नवं कार्ड निघेल. काकांनी किती दिवस लागतील ते विचारलं. तिनं 'आपली सेवा करून आनंद झाला' असं सांगितलं.

पिंकीचे दिवस भरत आले होते. तिचा रोज फोन. काकूंचे लाडू वळून डब्यात बसले होते, बाळाच्या दुपट्यांना काठ लावून झाले होते. काकू रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारत, तिकिटाचं काय केलं.

"कार्ड बिहारात हाय. मी असा कसा जाऊ?" काका म्हणत.

"माझी लेक तिकडं अवघडलेली हाय."

"मी नाय म्हणलो का? पण तिथं जाऊन लुटून घ्यायचं का?"

माझ्या रजेच्या एका दुपारी, काका पोस्टात पेन्शनचं काम करायला गेलेले असताना, काकू माझ्याकडे वर आल्या. त्यांनी पदराची गाठ सोडून भिशीचे पैसे माझ्या कॉटवर ठेवले.

"तुला फोनवर तिकीट काढता येतंय ना? एकच काढ. माझं."

काकू एकट्या जालन्याच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या. मी तसं म्हणालेही.

"मंग? जालन्याला तरी पहिल्यांदा एकटीच गेले होते की."

मी तिकीट काढलं. शेवटी आकड्याखाली आणखी एक आकडा आला, कन्व्हिनियन्स फी. ती काय असते, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, सोयीचे पैसे घेतात.

"सोय झाली ना आपली? मंग सोयीचे पैसे द्यायलाच पायजेत की," काकू म्हणाल्या. त्या घरात कुठल्याही फीबद्दल इतकं सरळ वाक्य मी तोवर ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी खाली काय बोलणं झालं, मला माहीत नाही. मी गॅलरीत कान देऊन उभी होते, पण आवाज चढलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी काका वर आले, तेव्हा मला वाटलं आता घर खाली करायला सांगणार.

"तिकिटावर कन्व्हिनियन्स किती लागला?" त्यांनी विचारलं. मी सांगितला. त्यांनी मान हलवली आणि खाली जाताना म्हणाले, "ताई, जरा खाली या. तिची तयारी करून घ्यायची हाय."

तयारी म्हणजे पाठ. काकांच्या जुन्याच कार्डाची जोडीची प्रत काकूंच्या नावानं कपाटात पडून होती. ती काकूंच्या हातात देण्यात आली. मी झाले दुकानदारीण, टीव्हीचा रिमोट झाला मशीन. काकूंनी डिंकाचा डबा विकत घ्यायचा.

"मशीन काय म्हणतंय?" काका.

"रुपयांत घेऊ का," मी रिमोट पुढे केला.

"मंग आपण काय म्हणायचं?"

"माझाच डबा, मी कशाला पैसे देऊ?" काकू म्हणाल्या.

काकांनी ते पुन्हा पुन्हा करून घेतलं. काकू शेवटी न चुकता "नाय" म्हणायला लागल्या. काकांना वाटलं पाठ झाला. मला वाटलं, या बाईला आधीच सगळं येत होतं. ती इतकी वर्षं चहा घेऊन बाहेर येत होती, बहिरी नव्हती.

चिकलठाण्याच्या विमानतळावर आम्ही दोघं त्यांना सोडायला गेलो. काका बॅगेचं वजन, पासपोर्ट, मुंबईला विमान बदलायचं ते, सगळं पुन्हा पुन्हा सांगत होते. काकू आत गेल्या आणि काचेमागून त्यांनी हात केला. काकांनी हात केला नाही. त्यांनी बोट आडवं हलवून दाखवलं, नाय नाय अशी खूण. लोकांना वाटलं असेल, हा माणूस बायकोला जाऊ नको म्हणतोय.

काकू वेळेत पोचल्या. मुलगी झाली. काकू लेकीच्या उशाशी होत्या, जिथे त्यांना असायचं होतं. काकांनी व्हिडिओवर नात बघितली, डोळे पुसले आणि दवाखान्याचं बिल किती झालं ते विचारलं. विमा आहे म्हटल्यावर विम्यात किती कापलं ते विचारलं. मग कॉलनीत बर्फी वाटायला म्हणून ते शिवाजीनगरच्या एका मिठाईवाल्याकडे गेले. तिथला पोरगा म्हणाला, "काका, कार्ड पे दो परसेंट एक्स्ट्रा लगता." असं गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही, हे काकांनी त्याला नियमासकट समजावलं. पोरग्यानं निवांत ऐकून घेतलं आणि पुन्हा दो परसेंट म्हणाला. शेवटी काकांनी रोख पैसे दिले. आम्ही बर्फी खात होतो आणि ते गेटपाशी उभे राहून प्रत्येकाला हीच हकिकत सांगत होते. नातीचं वजन किती, हे कुणीतरी विचारल्यावर त्यांना आठवावं लागलं.

आणि मग मेसेज यायला लागले.

काकूंच्या हातातलं कार्ड काकांच्या खात्याचं, त्यामुळे तिकडे त्या काही घेत, की इकडे काकांचा फोन वाजे. पहिला मेसेज आला, तो रुपयांत. काका जिने चढून वर आले. त्यांना धाप लागली होती.

"तिनं रुपये दाबले."

"चुकून दाबले असतील."

त्यांनी तिथेच उभ्या उभ्या काकूंना फोन लावला. नियम सांगितला, भाव सांगितला, दुकानवाल्यानं किती खाल्ले ते सांगितलं. काकू हो हो म्हणाल्या. दोन दिवसांनी पुन्हा मेसेज, पुन्हा रुपये, पुन्हा तेच दुकान. स्टेशनजवळचं, पर्यटकांसाठीचं. काकांनी पुन्हा फोन केला. मग हे नेमानंच सुरू झालं. मोजे घेतले, रुपयांत. मेणबत्ती घेतली, रुपयांत. फ्रिजला चिकटवायची पवनचक्की घेतली, तीही रुपयांत. काका प्रत्येक वेळी फोन करत, आणि फोन वाढत गेले. पहिल्यांदा नुसता भाव सांगून ठेवून दिलेला फोन पुढे पुढे अर्धा अर्धा तास चालायला लागला, कारण काकू म्हणत, थांबा, मी बाळाला घेते अन् मग सांगा. मग बाळ रडे. मग ते का रडतंय, यावर बोलणं होई.

एव्हाना बिनमार्कअपचं नवं कार्ड घरी आलं होतं. बरोबर पत्त्यावर. मी म्हटलं, "काका, आता जा की तुम्ही. व्हिसा आहेच." ते म्हणाले, "तिकिटाचे भाव बघितले का? कार्डाला पाच वर्षं मुदत हाय. घाई काय?" नंतर मात्र ते माझ्याकडे आले ते अगदी पडलेल्या चेहऱ्यानं.

"ताई, तुम्ही बोला तिच्याशी. बाईमाणसाचं बाईमाणूस ऐकतंय. सगळ्या गावाला शिकवलं मी. चाचा बी नक्को म्हणून आले. अन् माझ्याच घरातून हे व्हायलंय. लोकाला काय तोंड दाखवू?"

मी रविवारी काकूंना फोन केला. त्या स्वयंपाकघरात होत्या, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मी सगळं नीट समजावून सांगितलं, काकांपेक्षा सोपं करून. काकूंनी ऐकलं.

"पोरी, सगळी मशीनं कुठं विचारत्यात रुपयांचं?" त्या म्हणाल्या. "घराजवळच्या दुकानात तर विचारतच नाय. नुसतं टेकवलं की झालं. पिंकीला विचारून विचारून ते स्टेशनाजवळचं दुकान काढलं मी. तिथलं विचारतंय."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम तिथे जाता?"

"मुद्दामच जाते की. युरोत दिलं तर ह्यांना मेसेज जातोय अन् हे गप बसत्यात. रुपयांत दिलं की पाच मिनिटात फोन." त्यांनी कुकर खाली उतरवला. "मला इकडं करमत नाय गं. लेकीचं घर हाय, पण लेक दमलेली असती. बोलायला माणूस नाय. ह्यांना सरळ म्हणावं, फोन करा, तर म्हणतील, काय काम होतं? मंग मी काम काढते. ती मेणबत्ती कोण लावतंय इथं?"

मला तेव्हा काकांचा इतका राग आला, की फोन ठेवल्यावर मी तडक खाली गेले आणि सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं. समजुतीनं नाही, फटकळपणानं. तुमचा आवाज ऐकण्याचे पैसे भरतायत त्या, असंच म्हटलं.

काका पेपर वाचत होते. त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांच्या तोंडून नियम निघेल असं मला वाटलं, पण निघाला नाही.

"असं हाय व्हय," एवढंच म्हणाले.

त्यानंतर मेसेज बंद झाले. मी काकांना सांगणार हे काकूंनी ओळखलं असावं, किंवा नातीला सर्दी झाली होती त्यात त्यांना घराबाहेर पडता आलं नसावं. इकडून फोनही गेला नाही. काका पोर्चमध्ये बसून असत, मोबाइल मांडीवर. कॅनडाला निघालेला एक मुलगा आईबरोबर पाठ घ्यायला आला, तर त्याला म्हणाले, "नंतर या." त्या पोर्चमधून कुणी पाठाविना परत गेल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला हाक मारून विचारलं, "तुमच्या फोनवर बँकेचे मेसेज यायलेत का? का सगळ्यांचेच बंद हायेत?" मी म्हटलं, माझे येतायत. ते मान हलवून बसून राहिले.

मी वर आले, गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढायला लागले. खाली काकांनी फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. मग लावला. तिकडे दुपार असेल.

"हां, मी बोलतोय," ते म्हणाले, आणि मग इतका वेळ गप्प राहिले, की मला वाटलं फोन कट झाला.

"नाय, झालं काय नाय... नाय नाय, बँकेचं बी काय नाय... सर्दी कशी हाय तिची?... बरं."

पुन्हा गप्प. काकूंनीही काही विचारलं नसावं. मी कपडे हातात घेऊन तशीच उभी राहिले. काका खुर्चीतून उठले, गेटपर्यंत गेले, परत आले. बोलायला काही सापडत नव्हतं, आणि फोन तर ठेवायचा नव्हता.

"मंग आज काय घेतलंच नाय का?" ते शेवटी म्हणाले. "कामून?... अगं, मंग घे की काय तरी. जा की. ते स्टेशनाजवळचं दुकान उघडं असंल अजून."